स्वारअक्काचा उरलेला अर्धा तास

एचएसआर लेआउट, बेंगळूरु
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सोयराबाई उमाजीराव मोहिते यांस,

तुझे पूर्ण नाव लिहून मी बराच वेळ थांबलो. मायना काय असावा हे ठरविता आले नाही. तू अहेवपणी गेलीस, तेव्हा ‘सौभाग्यवती’ लिहिण्यास हरकत नाही, असे गुरुजींनी तेराव्याला सांगितले होते. पण ज्याच्या असण्यामुळे ती उपाधी, त्यानेच ती लिहावी हे मला आत्मस्तुतीसारखे वाटले. विधवेसाठी आपल्याकडे एक लांबलचक उपाधी आहे. विधुरासाठी काहीच नाही. म्हणून तुझेही नुसते नाव लिहिले.

पत्राचे कारण सांगतो. मी तुझा फोन अजून रोज चार्ज करतो. त्यावर अधूनमधून एक फोन येत असे. पडद्यावर नाव नसे, केवळ ‘य’ हे अक्षर दिसे. वाजून थांबेपर्यंत मी पाहत राही. दुसऱ्याचे फोन घेऊ नयेत असे माझे मत तुला ठाऊक आहे. आज अठ्ठावन्नाव्या दिवशी मी तो घेतला.

“अक्का, किती दिस वो?” एक बाई म्हणाली.

“आपण कोण बोलत आहात?”

“मी यल्लव्वा. अक्कांना द्या की. दोन म्हैनं झालं, शनवारचं येईनात.”

मी सांगितले. माझे वाक्य जरा कोरडे झाले असावे. आता ते इतक्यांदा सांगून झाले आहे.  मग ती फोन बाजूला धरून आणखी कोणाला तरी म्हणाली, “स्वारअक्का गेल्या गं.”

मी म्हटले, क्रमांक चुकला असावा. माझ्या पत्नीला कोणी स्वारअक्का म्हणत नसे.

“डाव्या भुवईवर वण हाय. काफीत साखर न्हाई. छत्री कुटंबी इसरत्यात. त्याच न्हवं?”

त्याच. मी तिला सांगितले की माझी पत्नी दर शनिवारी चिकपेटला भवानीच्या भजनमंडळात जात असे. तिथली तुमची ओळख असावी.

“भजन?” ती म्हणाली. रडता रडता तिला हसू आले असावे. “अण्णा, अक्कांना भजन कुटलं यायला. त्या शिनिमा सांगायच्या.”

आपला,
उमाजी


शनिवार, ८ नोव्हेंबर

सोयरा,

आज मी चिकपेटला जाऊन आलो. मेट्रोच्या जिन्यावर दोनदा थांबलो, त्यात काळजीचे काही नाही.

ज्या इमारतीत तू सहा वर्षे जात होतीस, तिच्या तळमजल्यावर फत्तेसिंग यांचे साड्यांचे दुकान आहे. आपल्यासारखेच इथल्या जुन्या मराठी घराण्यातले गृहस्थ. मराठीत सुरुवात करतात आणि कन्नडमध्ये संपवितात. “बन्नी अण्णा, वर या,” असे म्हणून त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावर नेले. जिन्यातच त्यांनी सांगितले की भावाभावांत वाटणी झाली असून तो मजला धाकट्याकडे गेला आहे. महिनाअखेर खोली रिकामी करायची. बायका यापुढे आपापल्या घरी बसून काम करतील.

खोलीत नऊ बायका होत्या. गुडघ्यावर साडीचा पदर ताणून त्याला रेशमी गोंडे बांधण्याचे, ज्याला इथे कुच्चू म्हणतात, ते काम चालले होते. मी काही वेळ नुसते पाहिले. दोरा मोजायचा, पिळायचा, गाठ मारायची, पुन्हा मोजायचा. नजर वर गेली की गाठ मागेपुढे होते. लोखंडी कपाटावर जुना दूरदर्शन संच होता आणि तो लावल्यावरही कोणी मान वर करीत नव्हते. तेव्हा मला कळले की इथे सांगणारे माणूस का लागत होते. त्यांचे डोळे कामाला बांधलेले, कान मोकळे.

“आम्ही नुसतं आयकायचं,” यल्लव्वा म्हणाली. ती साठीची असावी, निपाणीकडची. “तरवारी वाजल्या की तेवढं वर बगायचं.”

“आणि कुच्चू वाकडे झाले की मालक ओरडायचे,” भूमिका नावाची एक तरुण बाई म्हणाली. “अक्का म्हणायच्या, त्या स्वारावर घाला बिल.”

त्यांनी मला सांगितले की तू कधी बसत नव्हतीस. हातात साडी मोजायची गजाची पट्टी घेऊन तू उभी राहत होतीस आणि तलवारबाजी आली की ती चालवीत होतीस; म्हणून तू स्वारअक्का. सुभेदाराचा आवाज घोगरा, त्याच्या बायकोचा नाकातला. तू, सोयरा. माझ्यासमोर तू मोठ्याने हसल्याचेही मला आठवत नाही.

पुष्कळ चित्रपट तू त्यांना सांगितलेस. पण या वर्षी होता तो आपला. १९७९ साली, लग्नानंतर तेराव्या दिवशी, मी तुला सकाळच्या खेळाला घेऊन गेलो होतो तो. बंदराचे गाव, जुलमी सुभेदार, आणि तो उमराव, जो दिवसा आंधळ्यासारखा चाचपडत चालतो, स्वतःच्या ताटाला अडखळतो, आणि काळोख पडला की मुखवटा चढवून घोड्यावर बसतो. त्याची बायको त्याला भित्रा, अर्धवट समजते. सुभेदाराकडून आलेली पत्रे तीच त्याला वाचून दाखविते, आणि त्याच पत्रांतून त्याला कळते की आज कोणाला सोडवायचे. तुला इंग्रजी येत नव्हते म्हणून मी त्या दिवशी दोन तास तुझ्या कानाशी लागून सगळे मराठीत सांगितले. मागच्या रांगेतल्या माणसाने तीन वेळा शुक् शुक् केले.

पुढेही आपला तो रिवाजच झाला. दूरदर्शनवर इंग्रजी चित्रपट असला की मी बोलायचे आणि तू ऐकायचे.

तुझा शेवटचा अर्धा तास राहिला आहे. पेनड्राइव्ह तुझ्या पर्समध्ये होता तो मला आज सापडला. मी त्यांना म्हटले, हा घ्या, पाहून टाका.

“आवाजाबगर बगून काय करू?” यल्लव्वा म्हणाली. “त्येला सोडलं का मारलं, त्येच्या बायकूला कवा कळलं, दोन म्हैनं झालं इचार करतोय आमी. तुम्ही सांगा की. तुम्ही त्यांचं मालक. तुम्हांस्नी ठावं आसंलच की.”

मी पुढच्या शनिवारी येण्याचे कबूल केले. खरे सांगतो, परत येताना मेट्रोत उभे राहावे लागले तरी मला काही वाटले नाही. तू माझा अनुवाद सेहेचाळीस वर्षे पाठ ठेवला होतास आणि तोच त्या बायकांना सांगत होतीस, या विचाराने मी गावभर फिरलो असतो.

घरी आल्यावर मी दोन कप कॉफी केली. हे चुकून झाले.


शनिवार, १५ नोव्हेंबर

आज शेवट सांगायचा होता. तो झाला नाही.

सुरुवात करण्यापूर्वी, आतापर्यंतची गोष्ट त्यांना नीट आठवते ना, हे पाहावे असे मी सुचविले. नकाशे तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस मी. मागची सीमा जुळल्याशिवाय पुढची रेघ ओढत नाही. यल्लव्वाने मान खाली ठेवूनच सगळी गोष्ट सांगितली, एकही दुवा न सोडता. मग ती गच्चीच्या प्रसंगापर्यंत आली.

तो प्रसंग तुला आठवत असेल. बायको मुखवट्यातल्या स्वाराला पहिल्यांदा गच्चीवर भेटते. तो तिचा नवरा आहे हे तिला माहीत नाही. दोघे अगदी जवळ उभे राहून बराच वेळ बोलतात. १९७९ साली आपले लग्न होऊन तेरा दिवस झाले होते, शेजारी परके लोक होते आणि ते बोलणे माझ्या तोंडून निघेना. मी तुला सांगितले की ते दोघे वाऱ्याच्या दिशेबद्दल आणि जहाजे केव्हा सुटतील याबद्दल बोलत आहेत. तू मान हलविलीस.

यल्लव्वा म्हणाली, “मंग ती म्हणती, माझ्या घरात एक माणूस हाय, त्येच्याजवळ मी रोज बसते, पर मला त्यो दिसत न्हाई. आनी तुमचं तोंड झाकलंय, तर तुम्ही मला दिसताय. हे पाप हाय का सांगा. मंग त्यो काय बोलत न्हाई. तिचा हात धरतो नि सोडतो.”

“हे तुम्हांला कोणी सांगितले?”

“कोन सांगणार? अक्कांनी.”

ते शब्द चित्रपटातलेच आहेत, सोयरा. शब्दन् शब्द. ते माझ्याकडून तुला कधीच मिळाले नव्हते.

मी डोके दुखत असल्याचे सांगून निघालो. भूमिकेने कोणाला तरी रिक्षा आणायला पाठविले.


रविवार, १६ नोव्हेंबर

रक्षिताला दूरध्वनी केला. आपली मुलगी बेळ्ळंदूरला राहते, म्हणजे इथून सहा किलोमीटर. पण ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत हे तूच म्हणत होतीस. ती रविवारीही कामात होती.

मी विचारले, “तुझ्या आईला इंग्रजी येत होते काय?”

 ती म्हणाली, “अप्पा, माझे शाळेतले निबंध कोण तपासायचं असं वाटायचं तुम्हांला?”

“तुमच्या बाई.”

“बाई नंतर. आधी अम्मा.”

मग ते सगळे आले. तुझे वडील कोलारच्या सोन्याच्या खाणीत भांडारपाल होते हे मला ठाऊक होते. त्या वसाहतीत तू कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस, पीयूसी म्हणजे बारावी झालीस, शेजारच्या अँग्लो-इंडियन कारभाऱ्याच्या मुलींबरोबर इंग्रजीत भांडलीस, हे नव्हते. लोक मुलीचे शिक्षण वाढवून सांगतात. तुझ्या वडिलांनी ते कमी करून सांगितले, सातवी; कारण माझ्या आईची अट होती की सून सातवीच्या वर शिकलेली नको, उलट उत्तरे देते. ती अट मला माहीत होती. मी तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो आणि आईला एका शब्दाने काही म्हणालो नव्हतो. हे मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

“तिने मला का सांगितले नाही?”

“पहिल्या सिनेमाच्या दिवशी सांगणार होती. पण तुम्ही इतकं रंगून सांगत होता, म्हणे, की तिला मध्ये बोलवेना. मग राहिलं ते राहिलंच.”

“सेहेचाळीस वर्षे?”

“अप्पा, मी एकदा विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तुझ्या अप्पांना एवढीच एक गोष्ट माझ्याशी बोलता येते. ती काढून घेतली तर आम्ही दोघं घरात बोलणार काय?”

मी तिला तिचे काम करण्यास सांगितले.

रक्षिता, तिच्या म्हणण्याप्रमाणे तुझी बहीण आणि भाची, आणि चिकपेटच्या नऊ बायका. सर्वांना माहीत होते. मला नव्हते.


शनिवार, २२ नोव्हेंबर

आज मी गेलो नाही. मी रागावलो आहे हे तुला कळावे.

दुपारी यल्लव्वाचा फोन आला. मी प्रकृतीचे कारण सांगितले.

“असूंद्या,” ती म्हणाली. “पुढचा शनवार शेवटचा बगा, अण्णा. खोलीचा बी नि शिनिमाचा बी. मंग आमी बी एकमेकीला कुटं गावतोय. मी केंगेरीला, भूमिका यशवंतपूरला. पर जबरदस्ती न्हाई.”

दिवसभर मी रागाची कारणे जमवीत बसलो. तुझ्या मौनामागे तू मला हसत असशील, हे एक. मी भर बैठकीत तुला सोप्या शब्दांचे अर्थ समजावून सांगत असे आणि तू “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणून ऐकत असस, हे दुसरे. जमविता जमविता एक गोष्ट अशी वर आली की ती माझ्या बाजूला ठेवता येईना.

१९९८. रक्षिताच्या मुख्याध्यापिका आपल्या घरी आल्या होत्या. शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस मुलांना इंग्रजी गोष्टी वाचून दाखविण्यासाठी त्यांना कोणी हवे होते आणि तुझे नाव त्यांना कोणी तरी सुचविले होते. ते रक्षितानेच असणार, हे आज कळते. मी हसलो. अगदी मोकळेपणाने हसलो. म्हणालो, “काही तरी घोटाळा झाला आहे, मॅडम. आमच्या हिला इंग्रजीचा गंध नाही.”

तू दारात होतीस, हातात ट्रे. मुख्याध्यापिकांनी तुझ्याकडे पाहिले. तू एक शब्द बोलली असतीस तर ते काम तुझे होते. तू पेला त्यांच्यापुढे ठेवलास आणि कन्नडमध्ये विचारलेस, साखर बरोबर आहे ना.

मला वाचवलेस तू त्या दिवशी. पण त्यानंतर किती तरी महिने तू रात्रीच्या बातम्यांना माझ्याजवळ बसत नव्हतीस, आणि मी समजत होतो की तुला बातम्यांत रस नाही.

त्या तीन दिवसांचे तू पुढे काय केलेस, हे मी कोणाला विचारू? तुला साठावे वर्ष लागले तेव्हा कुठे तुला चिकपेटची ती खोली मिळाली.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

पेनड्राइव्ह लावून शेवटचा अर्धा तास चार वेळा पाहिला. १९७९ साली शेवटचे वाक्यही मी गाळले होते. ‘चला, घोडे तयार आहेत’ असे काही तरी सांगितले होते. घोडे तिथे नाहीतच.

मराठीत ते वाक्य कसे म्हणावे याचे सात मसुदे केले. सहा फाडले.


शनिवार, २९ नोव्हेंबर

सोयरा,

मी गेलो. अकराच्या सुमारास पोहोचलो. खोलीतले सामान बरेचसे गेले होते. संच, नऊ चटया आणि साड्यांचे गठ्ठे एवढेच उरले होते. लग्नसराई आहे, आजही काम होतेच.

मी उभा राहून सांगू लागलो. सुभेदाराच्या तळघरात उमरावाला पकडून आणले आहे, मुखवटा अजून तोंडावर आहे. मी म्हटले, “सुभेदार म्हणतो, महाशय, आपण आता शस्त्र खाली ठेवावे, अन्यथा मला नाइलाजाने कठोर उपाय योजावे लागतील.”

कोणी तरी खुसखुसले.

“अण्णा,” यल्लव्वा म्हणाली, “तरवार घेतलेला माणूस असं बोलत न्हाई. असं मुनिशिपालटीचं पत्र येतं.”

“अक्का काय म्हणत असत?”

“अक्का म्हणायच्या, बा रे भाड्या, टाक खाली.”

“हा शब्द ती म्हणत असे?”

“ह्यो तर सोवळ्यातला,” भूमिका म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन.

मी प्रयत्न केला. गजाची पट्टी माझ्या हातात दिली गेली. ती कशी धरावी हे मला समजले नाही, तरी तलवारी वाजू लागल्या तशा नऊ माना वर झाल्या, आणि त्या पडद्याकडे पाहत होत्या की माझ्याकडे, हे मी पाहिले नाही. सुभेदार पडला. बंदरातली घंटा वाजली. बायको मशाल घेऊन जिना उतरते, स्वार भिंतीला टेकून बसलेला आहे, ती त्याच्या चेहऱ्यावरचा मुखवटा काढते. तिचा नवरा.

माना पुन्हा खाली गेल्या. बोटे चालत होती.

“आता ती विचारते,” मी म्हटले, “तुम्हांला सगळे दिसत होते. सगळी पत्रे तुम्हांला स्वतःच वाचता येत होती. मग इतकी वर्षे रोज मला का वाचायला लावलेत?”

इथे चित्रपटात तो थोडा वेळ बोलत नाही. मीही बोललो नाही. माझे थोडे अधिक लांबले असावे, कारण पडद्यावर त्याचे बोलून झाले होते.

“मंग?” यल्लव्वा म्हणाली. “काय म्हनतो त्यो?”

मी ते म्हटले. मसुद्यातले नव्हे, तोंडाला आले तसे. “तो म्हणतो, दिवसातून तेवढाच वेळ तू माझ्याजवळ बसत होतीस. मला तो घालवायचा नव्हता.”

 भूमिकेने पदर मांडीवरून खाली ठेवला.

“एवढंच व्हतं?” ती म्हणाली. “मग आधी का न्हाई सांगितलं तिला? आणि ती बी कसली बाई, इतकी वर्षं शेजारी बसून तिला कळू नये? खुळीच म्हणायची.”

“गप गं,” यल्लव्वा म्हणाली.

“खुळी नव्हती ती,” मी म्हणालो. “तिला मोठ्याने वाचायला फार आवडत असे. वाचणाऱ्याचे लक्ष कागदावर असते. समोर ऐकणारा कोण आहे हे तो पाहत नाही.”

 संच मी बंद केला. उरलेल्या गाठी त्यांनी पुऱ्या केल्या, तोवर मी खिडकीशी उभा राहिलो. जाताना प्रत्येकीने मला वाकून नमस्कार केला. यल्लव्वा उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, “अण्णा, अक्कांचं खरं नाव काय वो? आमी कदी इचारलंच न्हाई.”

मी तिला पूर्ण नाव सांगितले. तिने ते एकदा म्हणून पाहिले आणि जिना उतरली.

चटया गुंडाळून भिंतीशी ठेवल्या. खिडकी लावली, पंखा व दिवा बंद केला. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरील खोलीच्या दारास कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि यल्लव्वाने सोपविलेल्या दोन्ही किल्ल्या फत्तेसिंग यांच्या हाती परत दिल्या.

उमाजी